कॉल सेंटरचं सॉफ्टवेअर: क्लाउडवर न्यायचं की आपल्याच सर्व्हरवर ठेवायचं?

तारवाला:
आमच्या पतसंस्थेचं ४० खुर्च्यांचं मदत केंद्र मी सांभाळतो. अ‍ॅस्टरिस्कवर (हे फोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर) उभं केलंय, सर्व्हर आमच्याच इमारतीत. नवे संचालक म्हणतात, क्लाउडवर न्या. माझा ठाम विरोध आहे. आज फोन वाजला की एजंटच्या पडद्यावर खातेदाराचं खातं, शेवटचा हप्ता, मागची तक्रार आपोआप उघडते. आमचं खात्यांचं सॉफ्टवेअर जुनं आहे, हा जोड आम्ही महिनोन्महिने खपून बसवलाय. क्लाउडवाले डेमोत चॅट, व्हॉट्सअ‍ॅप, बॉट सगळं दाखवतात. या जोडाचं विचारलं की "एपीआय द्या" म्हणतात. तो, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरने माहिती घ्यायचा तयार मार्ग, आमच्याकडे नाहीच! शिवाय पावसाळ्यात रस्ता खणताना इंटरनेटची केबल तुटते. आमची पीआरआय, म्हणजे टेलिफोन कंपनीची एकदम अनेक कॉल वाहणारी लाइन, वेगळ्या मार्गाने येते, त्यामुळे फोन चालू राहतात.

हिंजवडीकर:
एका पीआरआयवर एका वेळी ३० कॉल. लाभांश वाटपाच्या दिवशी एकतिसाव्या माणसाला काय ऐकू येतं? बिझी टोन. तो तुमच्या एक्स्चेंजपर्यंत पोचतच नाही, म्हणून तुमच्या अहवालातही दिसत नाही. तुम्ही समजता, सगळे कॉल घेतले. क्लाउडवर तो रांगेत थांबतो, नाहीतर नंबर ठेवून जातो आणि त्याला परत फोन जातो. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हाच. आणि मार्च २०२० विसरलात का? टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या क्लाउडवरच्या टीमने घरी हेडफोन लावून ब्राउझरमधून कॉल घेतले.

तारवाला:
व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) आणि सॉफ्टफोनवर (कॉम्प्युटरवरचा फोन) आम्हीही घरून काम केलं. जुळवायला आठवडा गेला, पण केलं.

हिंजवडीकर:
त्या आठवड्यात ज्यांचा फोन लागला नाही, त्यांचं काय?

खुर्ची_१७:
मी सहा वर्षं हेडफोन लावून बसले आहे, म्हणून लिहिते. आमच्या आधीच्या कंपनीत क्लाउड आला, पण आवाज सिंगापूरमार्गे फिरून यायचा. एक आजी पेन्शनचं विचारत होत्या. त्या थांबल्या असं वाटून मी बोलायला लागायचे, तेवढ्यात त्यांचं पुढचं वाक्य यायचं. दोघी एकदमच बोलायचो, दोघी एकदमच थांबायचो. शेवटी त्या म्हणाल्या, "बाळ, तू मला बोलूच देत नाहीस." मला फार वाईट वाटलं. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. तेव्हा फीचरची यादी नंतर बघा, आवाजाचा सर्व्हर मुंबईत आहे का ते आधी विचारा. अ‍ॅमेझॉनचं मुंबईतलं क्लाउड केंद्र २०१६ पासून आहे, म्हणजे ही मागणी काही अवाजवी नाही.

हिशेबनीस:
लायसन्स बघा. क्लाउडवर बहुधा नावागणिक पैसे लागतात. तीन पाळ्यांत एकाच खुर्चीवर तिघं बसली तर तिघांचे भरावे लागतात. एका वेळी किती जण लॉगिन आहेत यावर आकारणी होते का, ते करारात लिहून घ्या. पण तारवाला, स्वतःचा सर्व्हर म्हणजे कायमची निश्चिंती, हेही मला पटत नाही. कॉल सेंटरची यंत्रणा विकणाऱ्या अवायासारख्या नावाजलेल्या कंपनीला २०१७ आणि २०२३, दोनदा दिवाळखोरी संरक्षण घ्यावं लागलं. तुमचं तर घरी बांधलेलं. तुम्ही निवृत्त झालात की तो जोड कोण दुरुस्त करणार?

तारवाला:
हे मात्र लागलं. जोडाची माहिती कागदावर नाही, ती या महिन्यात लिहून काढतो. एकतिसाव्या माणसाचंही पटलं. लाभांशाच्या दिवशी किती कॉल बिझी टोन ऐकून परत गेले, याचा आकडा टेलिफोन कंपनीकडे मागतो. तो मोठा निघाला तर जादा कॉलपुरती क्लाउडची रांग घेऊ. खातेदारांची रेकॉर्डिंग मात्र इमारतीबाहेर जाऊ देणार नाही.

हिंजवडीकर:
आकडा आला की इथेच टाका. रेकॉर्डिंगवर मी अजून भांडणार आहे.