यूकेतल्या मोबाईल नेटवरचा १८+ फिल्टर : तुमचे अनुभव सांगा

आईबाबा गेल्या महिन्यात नाशिकहून आलेत. बाबांना इथलं पे ॲज यू गो सिम घेऊन दिलं. परवा रेडिंगहून बर्मिंगहॅमला ट्रेनने जाताना ते प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर काय काळजी घ्यायची ते वाचत होते, तर एका पेशंट ग्रुपचं पान उघडेना, आणि समोर मेसेज की हा मजकूर १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, आधी वय सिद्ध करा. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत हो. त्यांनी गुपचूप फोन माझ्याकडे दिला आणि हळूच म्हणाले, "माझ्याकडून काहीतरी भलतंच दाबलं गेलं वाटतं." त्यांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये. मी तेव्हापुरता माझा हॉटस्पॉट दिला. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे त्यांच्या नावाचं इथलं क्रेडिट कार्ड लागेल. तीन महिन्यांसाठी आलेल्या माणसाकडे ते कुठून असणार?

हे काही नवीन नाही, इथल्या मोठ्या मोबाईल कंपन्यांनी २००४ मध्ये मिळूनच तशी आचारसंहिता केली, तेव्हापासून बहुतेक सिमवर फिल्टर आधीच चालू असतो. मोठ्या माणसाने आपण मोठे आहोत हे सांगत फिरायचं. तुमच्याकडे कुणाला असं झालंय का, आणि कसं सोडवलंत, प्लीज लिहा.

* * *

झालंय ना! मी लेस्टरला शिकायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात. गर्भनिरोधनाची माहिती देणाऱ्या एका संस्थेच्या क्लिनिकच्या वेळा बघायच्या होत्या, ब्लॉक. डेबिट कार्ड टाकलं तर चालत नाही, कारण ते इथे शाळकरी मुलांनाही मिळतं आणि क्रेडिट कार्ड फक्त १८ च्या पुढे. पुण्याच्या बँकेचं क्रेडिट कार्ड टाकलं तर पत्ता इथला नाही म्हणून रिजेक्ट. शेवटी कंपनीच्या दुकानात गेले तर तिथला मुलगा ड्रायव्हिंग लायसन्सच मागत बसला, दुसऱ्या दिवशी परत गेले तेव्हा मॅनेजर होती, तिने भारतीय पासपोर्ट बघून दहा मिनिटांत काढून दिलं. पण काउंटरवर चार माणसांसमोर "मला ॲडल्ट कंटेंट चालू करून द्या" असं म्हणावं लागलं. त्यांच्याकडे त्या सेटिंगला तेच नाव आहे. एकोणीस वर्षांची होते, घरापासून इतक्या लांब, रडूच आलं होतं.

* * *

माझा अनुभव उलट्या बाजूचा, म्हणजे माझीच साईट ब्लॉक झालेली. स्लावला आमचं केटरिंग आहे, दिवाळीत फराळ आणि वर्षभर लग्नाच्या, मुंजीच्या ऑर्डरी. दोन वर्षांपूर्वी ऐन ऑक्टोबरमध्ये फोन यायला लागले की ताई तुमची साईट बंद आहे का. मी घरी वायफायवर बघते तर व्यवस्थित चालू. होस्टिंगवाल्याशी भांडले, पैसे देऊन होस्टिंग बदललं, तरी तेच. अडचण अशी की साईट https असली की पुष्कळदा ब्लॉकचं पान नीट दिसतच नाही, नुसतं कनेक्शन एरर येतं, त्यामुळे गिऱ्हाईकाला वाटतं आपणच दुकान बंद केलंय. तीन आठवडे गेले यात.

मग भाच्याने सांगितलं की मोबाईल डेटावर बघ. ओपन राइट्स ग्रुप नावाच्या संस्थेने २०१४ मध्ये एक तपासणी पान सुरू केलं होतं, त्यात पत्ता टाकला की कुठल्या नेटवर्कवर अडवलंय ते कळायचं. आमची साईट दोन ठिकाणी अडकलेली! का, तर लग्नाच्या पॅकेजमध्ये "बार सर्व्हिस"चं एक पान होतं म्हणून, असा आमचा अंदाज. खरं कारण कुणी कधी सांगितलंच नाही. साईटची वर्गवारी बहुतेक वेळा बाहेरच्या कंपनीच्या यादीवरून होते, माणूस बसून चकल्या बघत नाही. तक्रार केल्यावर नऊ दिवसांनी उघडली. सॉरी नाही, काही नाही. त्या दिवाळीला निम्म्याच ऑर्डरी आल्या आणि भाजणी उरली ती उरलीच.

* * *

मी थोडं वेगळं लिहितो. मला दहा वर्षांचा मुलगा आहे आणि त्याच्या फोनवर मला फिल्टर हवाच आहे. त्यामुळे सरसकट वाईट म्हणू नका.

* * *

वरच्या दादांना : मुलांच्या फोनवर नको असं कुणीच म्हणत नाहीये. सिम विकतानाच विचारा ना, हे कोण वापरणार आहे. घरच्या ब्रॉडबँडला २०१३ मध्ये कॅमेरून सरकारने जोर लावला तेव्हा मोठ्या कंपन्या निदान कनेक्शन देताना हवं का नको विचारायला लागल्या. मोबाईलवर न विचारताच. आणि मोबाईलचा फिल्टर फक्त डेटावर चालतो, तुमचा मुलगा मित्राच्या वायफायवर गेला की तो नाहीच, हेही लक्षात असू द्या.

अजून एक उपयोगाचं. २०१३ पासून काय अडवायचं त्याचे निकष बीबीएफसी ठरवते, म्हणजे सिनेमांना १५, १८ सर्टिफिकेट देतात तेच लोक. ते स्वतः काही ब्लॉक करत नाहीत, पण कंपनी ऐकत नसेल तर त्यांच्याकडे दाद मागता येते. केटरिंगमधल्या बारच्या पानाला कुठला सिनेमावाला १८ देईल?

* * *

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझा धाकटा भाऊ इथेच असतो. दारूमुळे नोकरी गेली, कर्ज झालं, बायको मुलीला घेऊन गेली. दारू सोडून सात महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. रात्री साडेअकराच्या बसमध्ये त्याला फार तलफ आली, म्हणून त्याच्या सपोर्ट ग्रुपची साईट उघडायला गेला, त्यावर रात्रीची ऑनलाईन मीटिंग असते. त्याच आठवड्यात त्याने स्वस्तातलं नवीन सिम घेतलं होतं. ब्लॉक. दारूचा विषय म्हणून दारू सोडवणारेही त्यात गेले असणार. चॅटवर मदत मागितली तर क्रेडिट कार्ड टाका. कर्ज बुडवलेल्या माणसाला क्रेडिट कार्ड कोण देतं? पासपोर्ट घेऊन उद्या दुकानात या म्हणे. उद्या!

त्याने मला फोन केला, मी उठून गाडी काढली आणि त्याला स्टॉपवरून घरी आणलं. मी झोपेत फोन उचलला नसता तर, याचा विचार मी अजून करतो. ज्याच्याकडे कार्ड नाही त्यालाच बहुतेक वेळा मदतीची जास्त गरज असते, हे नियम करणाऱ्यांना कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं.

* * *

धागा काढणारी मीच. दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. भाऊ आता कसा आहे?

लेस्टरच्या ताई, पासपोर्ट चालला हे वाचून उद्या बाबांना घेऊन दुकानात जातेय. माझ्या कार्डावर करून टाकू असं हे म्हणत होते, पण बाबांना ते त्यांच्याच नावाने उघडून हवंय. काउंटरवर मी बोलेन, त्यांना बोलायला लावणार नाही.