'मंडे मॉर्निंग्ज' ही मालिका कुठे बघायला मिळेल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. 2013 साली अमेरिकेत टीएनटी वाहिनीवर 'मंडे मॉर्निंग्ज' नावाची मालिका लागायची. न्यूरोसर्जन डॉ. संजय गुप्ता यांच्या कादंबरीवरून, डेव्हिड ई. केली यांनी केलेली. जेमतेम 10 भाग झाले आणि बंद पडली. फार चटका लागला होता तेव्हा.

इतर हॉस्पिटल मालिकांत प्रेमप्रकरणंच जास्त. इथे जीव होता तो 311 नंबरच्या खोलीतल्या बैठकीत. रुग्ण का दगावला, याचा जाब सर्जनला सगळ्या सहकाऱ्यांसमोर द्यावा लागायचा. पहिल्याच भागात डॉ. टायलर विल्सनच्या हातून एक लहान मुलगा रक्तस्रावाने जातो. घराण्यात रक्त न गोठण्याचा आजार आहे का, हे वडिलांच्या बाजूने विचारायचं राहून गेलेलं असतं. आल्फ्रेड मोलिना यांचे डॉ. हूटन आवाज न चढवता एकेक प्रश्न विचारतात, तो प्रसंग मी अजून विसरले नाही.

माझी भाची यंदा सर्जरीच्या रेसिडेन्सीला लागली आहे, तिला ही दाखवायची फार इच्छा आहे. भारतात कुठल्या ओटीटीवर आहे का? किंवा इंग्रजी सबटायटल्स असलेली डीव्हीडी मिळेल का? पायरेटेड लिंक कृपया नको.

आणि इथल्या डॉक्टरांना एक विचारायचंय: आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांतल्या मॉर्टॅलिटी मीटिंगा खरंच इतक्या परखड असतात का? ज्युनिअर रेसिडेंटला तिथे मोकळेपणी बोलता येतं का?