झेनोपसचे भ्रूण संध्याकाळी ठणठणीत, सकाळी निम्मे गेलेले: कारण कुठे शोधायचं?

टिळकवाडी_लॅब:
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पात झेनोपस लेव्हिस या आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणात आरएनए टोचायचं काम चालू आहे. प्राणी-प्रयोग समितीची मंजुरी आहे.

पद्धत अशी: मादीला आदल्या संध्याकाळी एचसीजी (गरोदरपणातलं संप्रेरक, त्याने मादी अंडी देते) ५०० युनिट. सकाळी दहाला अंडी काढून फलन, अर्ध्या तासाने २ टक्के सिस्टीनने जेली काढणं, मग एकपेशी अवस्थेत १० नॅनोलिटर इंजेक्शन. इंजेक्शन १X एमएमआरमध्ये (भ्रूणांसाठीचं क्षारद्रावण; १X म्हणजे पूर्ण तीव्रतेचं, ०.१X म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्श्याचं) ३ टक्के फायकॉल (साखरेचा जड पॉलिमर) घालून. संध्याकाळी पाचला डिश झाकून ठेवतो आणि सकाळी येऊन फायकॉल काढून ०.१X मध्ये हलवतो. खोलीचं तापमान सध्या २७-२८. बेळगावचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे.

फलन उत्तम होतं, विभाजनं सरळ होतात, दुपारी चारला ब्लास्टुला (पेशींचे पोकळ गोळे) सुरेख दिसतात. सकाळी मात्र निम्म्याहून जास्त खराब. काही पांढरे, फुटलेले. काहींमधून पिवळट गोळा बाहेर आलेला, मध्ये आवळलेला. आरएनए विषारी ठरतोय का? एमएमआर बोअरच्या पाण्यात बनवतो, त्याचा दोष? की गरमीचा?

आणखी एक. जूनमध्ये खानापूर-जांबोटीकडे डबकी बेडकांच्या अंड्यांनी भरलेली असतात. हजारो रुपयांचे परदेशी बेडूक सांभाळण्यापेक्षा ती वापरता येणार नाहीत का?

मार्कंडेय_काठ:
आरएनएला लगेच दोष देऊ नका. बाहेर आलेला पिवळा गोळा म्हणजे एक्सोगॅस्ट्रुला. गॅस्ट्रुलेशनमध्ये जो अंतःस्तर आणि मध्यस्तर आत वळायचा, तो बाहेर ढकलला गेला आहे. क्षारांचं प्रमाण जास्त असलं की उभयचरांच्या भ्रूणात हे होतं. होल्टफ्रेटरने १९३३ मध्ये हेच दाखवलं होतं. तुमचे भ्रूण रात्रभर १X मध्ये, वर फायकॉल. ह्यात आत वळायला वाव कुठे आहे?

फायकॉलचं काम एवढंच की तो भ्रूणाभोवतीच्या आवरणाखालचं पाणी ओढून घेतो, त्यामुळे दाब कमी होतो आणि सुईच्या छिद्रातून पेशीद्रव बाहेर येत नाही. जखम भरायला तास-दोन तास पुरतात. त्यानंतर तो काढलाच पाहिजे, आणि तोही नवव्या अवस्थेच्या (ब्लास्टुलाचा शेवट) आधी.

आता घड्याळ बघा की. २३ अंशांना पहिलं विभाजन फलनानंतर साधारण ९० मिनिटांनी, पुढची दर २०-३० मिनिटांनी, आणि दहावी अवस्था, म्हणजे गॅस्ट्रुलेशनची सुरुवात, ९ तासांच्या आसपास. दहाला फलन केलं तर संध्याकाळी सात. तुमच्या २७-२८ अंशांना त्याहून बऱ्याच आधी. म्हणजे तुम्ही डिश झाकून घरी निघता, तेव्हाच नेमकी ती अवस्था सुरू होत असते, आणि द्रावण बदलता दुसऱ्या सकाळी. कुठल्याशा प्रोटोकॉलमध्ये ‘रात्रभर फायकॉलमध्ये ठेवा’ असं असेल तर ते १४-१६ अंशांसाठी लिहिलेलं असतं. तिथे हीच वाटचाल दुपटीहून जास्त वेळ घेते.

करायचं असं. इंजेक्शन ०.५X एमएमआर आणि ३ टक्के फायकॉलमध्ये. दीड-दोन तासांनी ०.१X मध्ये, आणि ते दोनदा बदला, कारण फायकॉल जड असतो आणि डिशच्या तळाशी राहतो. डिशला १ टक्का अगारोजचा थर द्या, नाहीतर जेली काढलेले भ्रूण प्लॅस्टिकला चिकटून फाटतात. ९ सेंटिमीटरच्या डिशमध्ये शंभराच्या वर नकोत. जेंटामायसिन (प्रतिजैविक) ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि घाला. पांढरे पडलेले लगेच वेचा, कारण एक कुजला की शेजारचे जातात.

पाण्याबद्दल: एमएमआरला डिस्टिल्ड किंवा डीआयॉनाइज्ड पाणीच. बोअरच्या पाण्यात मुळातच कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, म्हणजे तुम्ही मोजून घातलेल्या मात्रेला अर्थ राहत नाही. बॅटरीच्या दुकानातला कॅन नको, त्याच्या शुद्धतेचा भरवसा नसतो. १०X साठी एका लिटरला: सोडियम क्लोराइड ५८.४ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.४९, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २.९४, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट २.०३, हेपेस ११.९. पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने ७.८. कॅल्शियमची बाटली निर्जल असेल तर २.२२ ग्रॅम. हे लेबल न वाचता वजन करणारे बरेच असतात.

अंडं_आधी:
वरचं निदान बरोबर आहे, पण एक्सोगॅस्ट्रुला सगळे नाहीत, पांढरे फुटलेलेही आहेत. त्यांचं कारण वेगळं असू शकतं, आणि ते सकाळीच घडलेलं असू शकतं.

झेनोपसचा भ्रूण पहिली बारा विभाजनं जवळजवळ पूर्णपणे आईने अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनए-प्रथिनांवर उरकतो. साधारण ४००० पेशी झाल्या की स्वतःची जनुकं मोठ्या प्रमाणावर चालू होतात. हा मिड-ब्लास्टुला टप्पा न्यूपोर्ट आणि किर्शनर यांनी १९८२ मध्ये मांडला. त्यामुळे गुणसूत्रं बिघडलेली असली तरी भ्रूण दुपारपर्यंत देखणा दिसतो आणि संध्याकाळी कोसळतो. ‘चारला ब्लास्टुला सुरेख’ हा तब्येतीचा पुरावा धरू नका.

म्हणून पहिल्या विभाजनालाच निवड करा. एका अंड्यात एकाहून अधिक शुक्राणू शिरले असतील तर दोनऐवजी तीन-चार वेडेवाकडे भाग पडतात. असे तेव्हाच काढून टाका. फलनाच्या वेळी अंड्याच्या पेशीपटलावरचा विद्युतविभव झटकन बदलून पुढचे शुक्राणू रोखले जातात, आणि हा बदल क्लोराइड बाहेर जाण्यावर अवलंबून असतो. बाहेरच क्लोराइड भरपूर असेल तर तो अडसर लंगडा पडतो. यासाठी वृषणाचा कुस्करा १X मध्ये अंड्यांवर फिरवा, पण दोन-तीन मिनिटांतच ०.१X ने भरून टाका. शुक्राणू १X मध्ये स्वस्थ असतात, पातळ झाल्यावरच पोहायला लागतात, आणि तेही काही मिनिटंच. उलट, अंडी फलनाआधी साध्या पाण्यात पडली तर जेली फुगते आणि दहा-पंधरा मिनिटांत फलनक्षमता संपते. ती १X मध्येच काढा.

पंधरा-वीस मिनिटांत काळा भाग वर वळला की फलन झालं. तोपर्यंत सिस्टीनला हात लावू नका. सिस्टीन १०० मिलि ०.१X मध्ये २ ग्रॅम, त्याच दिवशी बनवलेलं, पीएच ७.८ ते ८. हायड्रोक्लोराइड रूप असेल तर बराच सोडियम हायड्रॉक्साइड लागतो. पीएच खाली राहिला तर जेली निघत नाही, मग माणूस दहा मिनिटं हलवत बसतो आणि आवरण खराब होतं. तीन ते पाच मिनिटं, भ्रूण एकमेकांना टेकून दाटीने बसले की झालं, मग पाच-सहा वेळा धुवा.

आणि दर वेळी दोन गट बाजूला ठेवा: त्याच मादीचे न टोचलेले, आणि फक्त पाणी टोचलेले. न टोचलेलेच वीस टक्क्यांहून जास्त मरत असतील तर त्या दिवशीच्या निकालावर बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टिळकवाडी_लॅब:
न टोचलेले सरळ ०.१X मध्ये असतात आणि ते बरेच बरे राहतात. म्हणजे फायकॉलच. पण तेही थोडे जातात. बीओडी इन्क्युबेटर (थंडही करता येणारी तापमान-पेटी) आहे, तो सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांनी ३७ वर लावलेला असतो. वर लाईट जाते. काय करावं?

चिकोडी_चष्मा:
लेव्हिसला १४ ते २३-२४ अंश मानवतात. त्याहून जास्त गरमीत फलन होतं, विभाजनं होतात, पण गॅस्ट्रुलाला मार बसतो. थोडे जातात ते ह्याचेच.

बीओडी १८ वर मागून घ्या. मिळत नसेल तर मासळीवाल्यांकडचा जाड थर्माकोलचा डबा, तळाशी गोठवलेले जेल पॅक, त्यावर जाळी, वर डिश आणि थर्मामीटर. जेल पॅकला डिश टेकू देऊ नका, तळाकडचे भ्रूण ४ अंशांना पोचले तर त्यांचं विभाजन थांबतं. लाईट गेल्यावर बीओडीतल्या डिशही याच डब्यात. माद्यांच्या टाकीलाही गारवा हवा, १८-२०. गरम टाकीतली मादी मलूल, दोरीसारखी चिकटलेली अंडी देते, मग खाली कितीही नीट काम करा.

एचसीजी फक्त आदल्या संध्याकाळी देताय. त्याआधी तीन ते सात दिवस ५० युनिटची तयारीची मात्रा द्या, अंडी एकसारखी येतात. सुई २६-२७ गेजची, पाठीच्या लसिका कोशात, स्नायूत नाही. एका मादीला निदान तीन महिने विश्रांती. हा एचसीजीचा धागा जुना आहे: १९३० च्या दशकापासून कित्येक वर्षं गरोदरपणाची तपासणी हीच होती, बाईची लघवी मादीला टोचायची आणि दुसऱ्या दिवशी अंडी दिसतात का बघायचं. त्याच निमित्ताने हा बेडूक जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला, आणि वर्षभर हवी तेव्हा अंडी मिळतात हे लोकांच्या लक्षात आलं.

तुमच्या हवेला खरं तर झेनोपस ट्रॉपिकॅलिस जास्त सोयीचा. त्याला २५-२६ अंश चालतात, उलट थंडीच बाधते. त्याचा जीनोम द्विगुणी (प्रत्येक जनुकाची एकच जोडी), २० गुणसूत्रं. लेव्हिसची ३६, आणि बहुतेक जनुकांच्या ‘एल’ आणि ‘एस’ अशा दोन जोड्या. क्रिस्परने (जनुक कापायचं तंत्र) जनुक पाडायचं, म्हणजे निकामी करायचं, तर लेव्हिसमध्ये दोन्हींना लागू पडेल असा गाईड (कॅस-९ या कापणाऱ्या प्रथिनाला जागा दाखवणारा आरएनए) शोधावा लागतो, नाहीतर उरलेली जोडी काम चालवून घेते. ट्रॉपिकॅलिस चार-सहा महिन्यांत वयात येतो, लेव्हिसला वर्षभर लागतं. नव्याने क्रिस्पर करणाऱ्याने आधी टायरोसिनेज (रंगद्रव्य बनवायला लागणारं जनुक) पाडावं. टॅडपोलच्या डोळ्यांत रंग नसलेले पट्टे दिसले की इंजेक्शन, गाईड आणि कॅस-९ तिन्ही चालले हे जनुकक्रम न वाचताच कळतं.

मात्र मात्रा बदला. लेव्हिसचं अंडं १.२ मिलिमीटरचं, घनफळ सुमारे ९०० नॅनोलिटर. १० नॅनोलिटर म्हणजे एक टक्का. ट्रॉपिकॅलिसचं ०.७५ मिलिमीटर धरलं तर २२० नॅनोलिटर, तिथे १० म्हणजे साडेचार टक्के, भ्रूण फुटणारच. एक ते दोनच टोचा. सुईची मात्रा प्रेशरच्या काट्यावरून धरू नका. खनिज तेलाच्या थेंबात सोडून मायक्रोमीटरने व्यास मोजा: १ नॅनोलिटरला ०.१२ मिलिमीटर, ४ ला ०.२०, १० ला ०.२७. व्यासात जरासा फरक पडला तरी घनफळ तिघाताने बदलतं, आणि सुईचं टोक मध्येच तुटलं की सगळा हिशोब नव्याने. दर पन्नासेक भ्रूणांनंतर परत मोजा.

जांबोटी_पाऊस:
डबक्यातल्या अंड्यांचा प्रश्न राहिला. आधी कायदा: रानातून बेडूक किंवा अंडी उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतं, संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. भीमगड अभयारण्याच्या आत तर प्रश्नच नाही. डबक्याकाठी बसून भिंगातून अवस्था टिपा, फोटो काढा, अंडी तिथेच राहू द्या. विद्यार्थ्यांना शिकवायला एवढं पुरतं.

परवाना मिळाला तरी तुमच्या कामाला ती पुरणार नाहीत. आपले बेडूक वळीव-मृगाच्या आसपास मोजके दिवस अंडी घालतात. मोठ्या हिरव्या डराव बेडकाला नुसता एचसीजी देऊन जानेवारीत अंडी मिळतील याची खात्री नाही. डबक्यातल्या अंड्यांचं फलन किती वाजता झालं ते कळत नाही, त्यामुळे एकपेशी अवस्था हाती लागतच नाही. जीनोम, प्रतिपिंडं, अवस्थांचे तक्ते हे सगळं झेनोपससाठी तयार आहे.

पण म्हणून आपले बेडूक संशोधनाला निरुपयोगी, असं समजू नका. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात सैदापूर आणि सहकाऱ्यांनी इथल्याच बेडकांच्या प्रजननचक्रावर आणि टॅडपोल आपली भावंडं कशी ओळखतात यावर मोठं काम केलं. ओडिशात मोहंती-हेजमाडी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की युपेरोडॉन सिस्टोमा या बेडकाच्या टॅडपोलची शेपटी कापून त्याला अ जीवनसत्त्व दिलं तर त्या जागी शेपटीऐवजी पाय उगवतात. झेनोपसवर बसून हे सापडलं नसतं. बेडूक प्रश्नावरून ठरवा. आरएनए टोचून जनुकाचं काम बघायचं असेल तर झेनोपस. पावसाळी डबक्यात टॅडपोल घाईने रूपांतर कसं उरकतात हे बघायचं असेल तर तो नकोच.

टिळकवाडी_लॅब:
पटलं. शेवटचं: टाक्यांचं पाणी सध्या मागच्या गटारात जातं. चालेल?

जांबोटी_पाऊस:
नाही. झेनोपसच्या अंगावर कायट्रिड बुरशी असू शकते. तो स्वतः फारसा आजारी पडत नाही, पण दुसऱ्या बेडकांना ती मारते. गटार नाल्याला मिळतं, आणि जवळच चोर्ल्याच्या घाटात पश्चिम घाटाबाहेर कुठेही नसलेले बेडूक आहेत. पाणी पिंपात साठवा, नऊ भाग पाण्याला एक भाग ४-५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, अर्धा तास ठेवा, मग सोडा. जाळ्या आणि हातमोजे त्याच द्रावणात बुडवून पूर्ण वाळवा, ही बुरशी कोरड्यात टिकत नाही. क्लोरीनची बादली माद्यांच्या टाकीजवळ ठेवू नका. नळाचं पाणीही टाकीत भरण्याआधी सोडियम थायोसल्फेटने क्लोरीनमुक्त करा, आणि टाकीच्या नळजोडणीत तांब्याची पाइप कुठे आहे का ते एकदा पाहून घ्या, तांबं बेडकांना बाधतं.