ग्रंथालयातले चित्र विकून ग्रंथालय सुधारावे का?

सावलीतली वही (धागाकर्ती)

शिकागोच्या पश्चिम भागातल्या वेस्ट गारफिल्ड पार्क या कृष्णवर्णीय, हातावर पोट असणाऱ्या वस्तीत लेगलर नावाचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्याच्यासाठी केरी जेम्स मार्शल या कृष्णवर्णीय अमेरिकी चित्रकाराने १९९५ साली ‘नॉलेज अँड वंडर’ हे सुमारे १० फूट उंच आणि २३ फूट रुंद चित्र रंगवले आणि शहराने त्यांना १०,००० डॉलर मानधन दिले. पुढे मे २०१८ मध्ये मार्शल यांचे ‘पास्ट टाइम्स’ हे दुसरे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात २ कोटी ११ लाख डॉलरना गेले. तेही शिकागोतल्याच एका सार्वजनिक प्राधिकरणाने २५,००० डॉलरना घेतलेले होते. मग ऑक्टोबरमध्ये महापौर रॅम इमॅन्युएल यांनी लेगलरचे चित्र क्रिस्टीजच्या लिलावात काढायचे ठरवले. अपेक्षित किंमत होती १ ते दीड कोटी डॉलर, आणि त्या पैशातून लेगलरचाच दर्जा वाढवला जाणार होता. टीकेचा भडिमार झाल्यावर नोव्हेंबरमध्ये बेत रद्द झाला.

तो बेत मुळातच चुकीचा होता, असे माझे मत आहे. या चित्रात कृष्णवर्णीय मुले आणि मोठी माणसे आपल्याकडे पाठ करून उभी आहेत आणि त्यांच्यासमोर त्यांच्याहून उंच पुस्तके आहेत. ग्रंथालयात शिरलेले मूल चित्रासमोर उभे राहिले की त्याच रांगेत सामील होते. चित्राची रचनाच त्या जागेसाठी झालेली आहे. शिवाय मार्शल माणसांची कातडी तपकिरी छटांत रंगवत नाहीत. ते निखळ काळा वापरतात, एकाच काळ्यात दोन-तीन वेगवेगळे काळे मिसळून. संग्रहालयांच्या भिंतींवर शतकानुशतके जी माणसे जवळजवळ दिसलीच नाहीत, ती दिसावीत म्हणून त्यांनी आयुष्यभर चालवलेले हे काम आहे. ते एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात गेले असते तर वस्तीला काय उरले असते?

हिशेबी

एक नवे ग्रंथालय उरले असते. आपण चित्राबद्दल फार सुंदर लिहिले आहे, पण ग्रंथालयाबद्दल एक वाक्यही लिहिले नाही.

शिकागोत साध्या शाखा आणि मोठी प्रादेशिक ग्रंथालये असे दोन थर आहेत. १९२० साली उघडलेले लेगलर हे शहरातले पहिले प्रादेशिक ग्रंथालय होते. नंतर त्याचा दर्जा उतरवून त्याला शाखा केले गेले. उत्तरेकडे सुल्झर, दक्षिणेकडे वुडसन ही प्रादेशिक ग्रंथालये, आणि पश्चिमेकडे सुमारे ४० वर्षे काहीच नव्हते. याचा परिणाम पाहायचा असेल तर व्हिव्हियन हार्श यांचे उदाहरण घ्या. १९३२ साली त्या शहरातल्या एका शाखेच्या प्रमुख झाल्या आणि तिथे त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आणि साहित्याचा संग्रह उभारला. तो आज कुठे आहे? वुडसनमध्ये, कारण एवढ्या मोठ्या संग्रहाला जागा, अभ्यासिका आणि जाणकार कर्मचारी लागतात. विद्वत्ता नुसत्या भिंतीवरच्या चित्रावर जगत नाही.

विकणे म्हणजे पाप, हेही मला पटत नाही. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे संग्राहक आर्तुरो शॉमबर्ग यांचा अनमोल ग्रंथसंग्रह १९२६ साली विकलाच गेला, तोही १०,००० डॉलरना. त्यातूनच न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतले शॉमबर्ग संशोधन केंद्र उभे राहिले.

सावलीतली वही

हिशेबीसाहेब, शॉमबर्ग यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे कार्नेगी कॉर्पोरेशन या दानसंस्थेने पैसे दिले आणि एका माणसाच्या घरातली पुस्तके न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या हार्लेममधल्या शाखेत सर्वांसाठी खुली झाली. शिकागोत गाडी उलट्या दिशेने निघाली होती. दोन्हीकडे ‘विक्री’ हा एकच शब्द लागतो म्हणून व्यवहार एक ठरत नाही.

हार्श यांच्या संग्रहाबद्दलचा आपला मुद्दा मात्र बिनतोड आहे, तो मी मान्य करते. पण लेगलरचा दर्जा कमी झाला तो शहराच्या निर्णयाने. मग तो परत मिळवण्यासाठी त्याच वस्तीने आपल्याजवळची एकमेव मौल्यवान वस्तू का विकावी? घरातल्या लेकीची फी भरायला तिच्याच कानातले मोडायचे, असा हा प्रकार झाला. शिकागोच्या डेली प्लाझा या चौकातले पिकासोचे शिल्प विकले तर शहराला याहून जास्त पैसे मिळतील, असे खुद्द मार्शल यांनी सुनावले होते. ते विकण्याचे कुणाच्या मनातही येत नाही.

तळ्याकाठचा

मी याच शहरात राहतो, म्हणून थोडी भर घालतो. लिलाव जाहीर होण्याच्या आदल्याच वर्षी मार्शल यांनी शहराच्या सांस्कृतिक केंद्राच्या बाहेरच्या भिंतीसाठी शिकागोच्या कला-संस्कृतीत मोलाची भर घालणाऱ्या २० स्त्रियांचे भित्तिचित्र केले होते, आणि त्याचे मानधन घेतले होते एक डॉलर. पाठोपाठ लिलावाची बातमी आल्यावर, शहराने आपल्या श्रमांतून पिळता येईल तेवढे मोल पिळून घेतले, अशा आशयाचे ते बोलले.

पण माझा कल थोडा हिशेबींकडेही आहे. १९६७ साली इथल्याच कृष्णवर्णीय कलावंतांनी एका जुन्या इमारतीवर ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ रंगवली. देशभरच्या वस्त्यांत भित्तिचित्रांची लाट आली ती त्या भिंतीपासून. आणि तीच इमारत पुढे काही वर्षांत आगीनंतर पाडली गेली. म्हणजे वस्तीतली कला वस्तीत टिकेलच असे नाही. कोट्यवधींचे चित्र साध्या शाखेत ठेवायचे तर विमा, पहारा, तापमान हे सगळे आलेच, आणि त्याचा खर्च पुस्तकांच्या पैशातून होणार असेल तर वाचकाला काय सांगायचे?

कुंचला

आपण सगळे शहराच्या आणि वस्तीच्या पैशाबद्दल बोलत आहोत. चित्रकाराच्या पैशाबद्दल कुणीच नाही. २५,०००चे चित्र २ कोटींच्या वर गेले, त्यातला पुनर्विक्रीचा हक्काचा हिस्सा म्हणून मार्शल यांना एक छदामही देणे कायद्याने बंधनकारक नव्हते. फ्रान्समध्ये हा हक्क १९२० पासून आहे, आपल्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५३अ आहे (ते कितपत अंमलात येते, हा वेगळ्या धाग्याचा विषय), अमेरिकेत मात्र केंद्रीय पातळीवर तो नाही. त्यामुळे कृष्णवर्णीय कलेचे ‘मूल्य वाढले’ असे म्हणताना ते कुणाच्या खिशात वाढले, हे विचारावे लागते.

मार्शल मात्र पैशाचा आकडाही चित्रासारखा वापरतात. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमधल्या ली आणि जॅक्सन या, अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरीवादी दक्षिणेकडून लढलेल्या बंडखोर सेनापतींच्या रंगीत काचा काढून त्या जागी त्यांनी केलेल्या नव्या काचा २०२३ साली बसवल्या गेल्या. त्यांनी मानधन घेतले १८ डॉलर ६५ सेंट. १८६५ हे गुलामगिरी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीचे वर्ष.

हिशेबी

कुंचला यांचा मुद्दा मला सुचायला हवा होता. हिशेबी म्हणवून घेतो आणि तिसरा रकाना रिकामा सोडला.

तरी मूळ मत बदलत नाही. विक्री रद्द झाली आणि लेगलरला प्रादेशिक दर्जाही मिळाला, हे खरे. पण तो दर्जा मिळाला कारण लिलावाच्या गाजावाजामुळे सबंध शहराचे लक्ष त्या इमारतीकडे गेले. ४० वर्षे नुसत्या विनंत्यांनी जे झाले नाही, ते एका वाईट प्रस्तावाने झाले. त्या प्रस्तावाला मी अजूनही निव्वळ चूक म्हणणार नाही.

सावलीतली वही

म्हणजे चोर आल्यामुळे दाराला कडी बसली, म्हणून चोराचे आभार मानायचे! तेवढे माझ्याने होणार नाही. आणखी एक नोंद करते: २०२५ साली लंडनच्या रॉयल अकादमीत मार्शल यांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा हे चित्र तिथे गेले होते, विकून नव्हे, लेगलरकडून उसने घेऊन.