मदत हवी आहे: हॉकीवाल्याने फुटबॉल कसा शिकवावा?

मंडळी, पंधरा वर्षं शाळेत हॉकी शिकवतोय. जूनपासून फुटबॉलही माझ्याच गळ्यात पडलाय. धीर देणारा माणूस एकच, जर्मन हॉकी प्रशिक्षक बर्नहार्ड पेटर्स. जर्मनीला २००२ आणि २००६ चे हॉकी विश्वचषक जिंकून दिले आणि थेट हॉफनहाइमच्या फुटबॉल क्लबात गेले, पुढे हॅम्बुर्गला. जर्मन फुटबॉल संघाचा तेव्हाचा प्रशिक्षक क्लिन्समनला तर ते जर्मन फुटबॉल संघटनेतच हवे होते, पण निवड झाली माजी फुटबॉलपटू झामरची. अर्थात पेटर्सकडे व्यवस्थापन होतं, माझ्याकडे बावीस पोरं आहेत!

हॉकीतला ऑफसाइड (पास येण्याआधीच बचावपटूंच्या मागे, गोलजवळ जाऊन थांबायला मनाई) कधीच गेला, फुटबॉलमध्ये मात्र तो आहे. काल आमचा फॉरवर्ड गोलकीपरला खेटून निवांत उभा. बचावाची रेष पोरांना कशी समजावता? आणि आधी फुटबॉल प्रशिक्षकाचं डी लायसन्स करू का?