नर्सिंगचा मजला आधी बघा

"एवढं प्रवेश शुल्क भरण्यापेक्षा आपलं घर काय वाईट?" असं ज्येष्ठांच्या निवासी संकुलांबद्दल (जिथे स्वतंत्र घरापासून नर्सिंगपर्यंतची सोय एकाच आवारात असते) एकांनी विचारलंय. प्रश्न रास्त आहे, पण करार कुठल्या प्रकारचा आहे ते कळल्याशिवाय हा हिशेब मांडता येत नाही. अमेरिकेत अशा करारांचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. 'ए'मध्ये सुरुवातीला घसघशीत पैसे, पण पुढे नर्सिंग लागलं तरी महिन्याची रक्कम फारशी वाढत नाही (महागाईपोटीची वाढ होतेच). 'बी'मध्ये नर्सिंगला ठरावीक दिवसांपुरती सवलत. 'सी'मध्ये लागेल त्या सेवेचे चालू दराने पैसे. मेडिकेअरवर (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर) विसंबू नका. नर्सिंग केंद्रातले जास्तीत जास्त 100 दिवस, तेही अटींवर, आणि वर्षानुवर्षं अंघोळ-जेवणाला मदत लागली तर त्याचे पैसे ते देत नाही.

आम्ही दोघं एक संकुल बघायला गेलो होतो. पोहण्याचा तलाव दाखवला, वाचनालय दाखवलं, कॉफी पाजली. नर्सिंग विभाग म्हटलं की "पुढच्या वेळी". हट्टच धरला. तिथे एका खोलीच्या दारावर बोलावण्याचा दिवा लागलेला. मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं झाली तरी कोणी फिरकलं नाही. ही म्हणाली, चला.

आणखी एक, प्रवेश शुल्काचा 'परतावा मिळेल' म्हणतात तेव्हा कधी ते विचारा. बऱ्याच करारांत तुमची जागा पुन्हा विकली गेल्यावरच पैसे सुटतात. किती घरं रिकामी आहेत तेही विचारा. आणि "बघू, तब्येत बिघडली की जाऊ" हा बेत नको. 'ए' करार बहुधा धडधाकट माणसालाच देतात.