‘दहा वर्षं अनडिटेक्टेबल, मग गोळ्या कशाला?’ या पोस्टला उत्तर

निरभ्र
परवा एक पोस्ट फिरत आली. सार असं: "टी पेशी काही महिन्यांत मरते. व्हायरल लोड (रक्ताच्या एका मिलीतल्या विषाणूच्या प्रती) दहा वर्षं ५० च्या खाली, म्हणजे अनडिटेक्टेबल, असेल तर एचआयव्ही-बाधित पेशी कधीच संपल्या. गोळ्या आता फक्त कंपन्यांसाठी चालू आहेत. सहा महिने थांबवून बघा." खाली वाहवा चाललेली. वाचून कुणीतरी खरंच थांबवेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

विषाणू तयार करणारी सक्रिय सीडी४ पेशी (एचआयव्ही जिला गाठतो ती टी पेशी) एक-दोन दिवसांतच मरते, हे खरं. उपचार सुरू होताच लोड धाडकन खाली येतो तो त्यामुळेच. पण काही पेशी बाधा होऊनही मरत नाहीत. त्या शांत होतात, स्मृतिपेशी बनतात, आणि स्मृतिपेशीचं कामच मुळी वर्षानुवर्षं टिकण्याचं. तिच्या गुणसूत्रात विषाणूची सुमारे ९,७०० अक्षरांची प्रत कायमची जोडलेली असते. पेशी झोपलेली असताना जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी प्रथिन केंद्रकाबाहेर अडकलेलं असतं, आरएनएचं लिखाण पुढे नेणारं पी-टीईएफबी तुटपुंजं असतं. आरएनए लिहायला सुरुवात होते आणि लगेच तुटते. विषाणूचं टॅट प्रथिन बनत नाही, आणि टॅटशिवाय लिखाणाला वेग येत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूचं काहीच दिसत नाही, मग बाधित पेशी मारणाऱ्या सीडी८ पेशींनी तिला ओळखायचं कसं?

आता औषधं. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज रोखणारी औषधं आरएनएचा डीएनए होऊ देत नाहीत, इंटिग्रेज रोखणारी तो गुणसूत्रात शिरू देत नाहीत, प्रोटिएज रोखणारी नवे कण पक्व होऊ देत नाहीत. आधीच जोडलेल्या प्रतीला यातलं एकही औषध हात लावत नाही. १९९७ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी उपचार चालू असलेल्यांच्या विश्रांत पेशींतून जिवंत विषाणू बाहेर काढून दाखवला. प्रमाण साधारण दहा लाख पेशींत एक. झोपलेल्या बाधित पेशींच्या या साठ्याचं अर्धायुष्य (निम्मा व्हायला लागणारा काळ) ४४ महिने निघालं. त्या वेगाने दहा लाख पेशींचा साठा संपायला ७३ वर्षं लागतात.

आग्यावेताळ
निष्कर्ष मान्य, कारण अर्धवट. सगळा दोष झोपलेल्या पेशींवर ढकलण्याची सवय कधी जाणार? लसिकाग्रंथींत औषधांची पातळी रक्तापेक्षा कमी असते, हे २०१४ मध्ये मोजून दाखवलंय. ग्रंथींतल्या बी पेशींच्या पुटकात (गोल पुंजक्यात) टीएफएच पेशी (बी पेशींना मदत करणाऱ्या सीडी४ पेशी) असतात, तिथे सीडी८ फारशा शिरत नाहीत. विषाणूला याहून सोयीची जागा कुठली? शिवाय चालू उपचारात रॅल्टेग्रॅव्हिर या इंटिग्रेज रोखणाऱ्या औषधाची भर घातली तेव्हा काही जणांत २-एलटीआर वर्तुळं (गुणसूत्रात जोडता न आलेल्या विषाणू-डीएनएची वर्तुळं) वाढलेली दिसली. म्हणजे नवी बाधा चालूच होती.

निरभ्र
वर्तुळं वाढलेल्यांत बहुतेक जण प्रोटिएजवाल्या उपचारावर होते, हे का गाळलंत? आणि रॅल्टेग्रॅव्हिर वाढवून रक्तातला उरलासुरला विषाणू कमी झाला का? नाही झाला. नवी बाधा हे मुख्य कारण असतं तर तो घटायला हवा होता.

दुसरं, हा विषाणू नक्कल करताना सतत चुकतो. वर्षानुवर्षं नवी बाधा चालली असती तर क्रमात बदल साचले असते, औषधविरोधी बदलही आले असते. नियमित गोळ्या घेणाऱ्यांत तसं दिसत नाही. दिसतात त्या हुबेहूब सारख्या प्रती. २०१४ मध्ये जोडणीच्या जागा तपासल्या तेव्हा अनेक पेशींत प्रत अगदी त्याच जागी सापडली. ३०० कोटी अक्षरांच्या जनुकसंचात स्वतंत्र बाधेने पुन्हा नेमकी तीच जागा मिळणं जवळपास अशक्य. याचा अर्थ एकच, बाधित पेशी विभागली आणि प्रतही तिच्याबरोबर विभागली गेली. बीएसीएच२, एसटीएटी५बी अशा वाढीशी संबंधित जनुकांत जोडणी असेल तर पेशीला टिकायला आणखी मदत होते. यात औषध काय करणार? पेशीविभाजनाला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज लागतच नाही.

बोरूबहाद्दर
तुम्ही दोघं साठ्यावर भांडताय, पण मोजताय कशाने? 'दहा लाखांत एक' हा आकडा विषाणू-वाढ चाचणीचा. १८०-२०० मिली रक्त घ्यायचं, सीडी२५, सीडी६९ आणि एचएलए-डीआर या खुणा असलेल्या सक्रिय पेशी काढून टाकायच्या, उरलेल्या पाच-पाच पट विरळ करत खाचांत भरायच्या, पीएचए (पेशी जागवणारा पदार्थ) आणि किरणोत्सर्ग दिलेल्या पोषक पेशी घालून जागं करायचं, निरोगी दात्याच्या सीडी४ पेशी मिसळायच्या आणि दोन-तीन आठवड्यांनी विषाणूचं पी२४ प्रथिन बघायचं. एवढं करूनही एका फटक्यात सगळ्या पेशी जाग्या होत नाहीत. न जागलेल्यांतही अखंड प्रती असतात, हे २०१३ मध्येच दिसलं. म्हणजे ही चाचणी कमी मोजते.

आणि साधी डीएनए पीसीआर (विषाणूचा डीएनए मोजणारी चाचणी) उलट बाजूला जाते. ९० टक्क्यांहून जास्त प्रती मोडक्या असतात, मोठा तुकडा गळालेला किंवा पेशीतल्या एपोबेक एन्झाइमने बिघडवलेल्या. त्या सगळ्या ती मोजते. 'डीएनए रिपोर्टमध्ये साठा घटला' म्हणून उड्या मारणाऱ्यांना विचारा, घटल्या त्या मोडक्या की अखंड?

आग्यावेताळ
त्यासाठीच २०१९ पासून आयपीडीए ही अखंड प्रती मोजणारी चाचणी आहे ना. विषाणूच्या डीएनएतल्या साय आणि एन्व्ह, दोन जागा चाचणीच्या एकाच थेंबात सापडल्या तर प्रत अखंड.

बोरूबहाद्दर
दोन जागा म्हणजे अख्खी प्रत नव्हे! मधे तुकडा गळालेला असला तरी ती अखंड धरली जाते. डीएनए काढताना तुटतो, म्हणून आरपीपी३० या मानवी जनुकावरून दुरुस्ती करावी लागते. ती नीट नसेल तर अखंडही मोडक्यात जाते. मूळ प्रायमर (ती जागा शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) एचआयव्हीच्या उपप्रकार बी साठी बनवलेले, उपप्रकार सी मध्ये ते जुळेनात म्हणून वेगळा संच करावा लागला. रुग्णाच्या विषाणूत प्रायमरच्या जागी बदल असला की उत्तर शून्य, आणि वाचणारा म्हणतो साठा संपला. ही धोकादायक चूक आहे.

गवतफुला
चाचण्यांचं पुराण पुरे. गोळ्या थांबवूनही विषाणू न उसळलेले लोक आहेत, ते कुणी का सांगत नाही? २०१३ च्या व्हिस्कोंटी अभ्यासात १४ जण होते. बोन मॅरो प्रत्यारोपणाने बरे झालेले आहेत. सगळ्यांना जन्मभर घाबरवून का ठेवता?

निरभ्र
घाबरवत नाही, नीट वाचा! त्या १४ जणांना बाधा होताच, सुरुवातीच्या काही आठवड्यांत उपचार मिळाले होते. उशिरा सुरू करणाऱ्याला तो दाखला लावणं चूक. आणि लवकर सुरू करणंही हमी नव्हे. मिसिसिपीच्या बाळाला जन्मानंतर ३० तासांत औषध दिलं होतं. उपचार थांबल्यावर २७ महिने विषाणू दिसला नाही आणि २०१४ मध्ये परत आला. बॉस्टनच्या दोघांना प्रत्यारोपण झालं होतं, पेशींत विषाणू सापडत नव्हता. एकात १२ आणि दुसऱ्यात ३२ आठवड्यांनी तो उसळला. प्रत्यारोपण कर्करोगासाठी करतात, त्यात माणसं दगावतात.

एरवी थांबवल्यावर बहुतेकांत दोन-चार आठवड्यांत लोड परत येतो. स्मार्ट अभ्यासात ५,४७२ जण होते. सीडी४ बघून औषध थांबवणाऱ्या गटात संधिसाधू आजार किंवा मृत्यूचा धोका सतत औषध घेणाऱ्यांच्या २.६ पट निघाला.

बोरूबहाद्दर
भर घालतो. एफाव्हिरेन्झ हे एचआयव्हीचं औषध रक्तात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. सगळ्या गोळ्या एकदम थांबवल्या की बाकीची औषधं आधी उतरतात, हे एकटं उरतं आणि त्याला न जुमानणारा विषाणू निवडला जातो. हिपॅटायटिस बी असलेल्याने टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन (दोन्ही विषाणूंवर चालणारी औषधं) थांबवलं तर यकृत भडकू शकतं.

गवतफुला
ठीक आहे, स्वतःच्या मनाने थांबवू नये एवढं मानते. पण उपाय शोधणाऱ्यांनी काय दिवे लावले? 'जागं करा आणि मारा' म्हणत २०१२ मध्ये व्होरिनोस्टॅट हे झोपलेल्या पेशी जागवणारं औषध आणलं, पुढे?

निरभ्र
आरएनए वाढला, साठा नाही घटला. २०२० च्या रिव्हर चाचणीत लस जोडूनही फरक पडला नाही. जागी झालेली पेशी आपोआप मरत नाही, तिला मारणाऱ्या सीडी८ थकलेल्या असतात. तुमचा राग रास्त आहे, पण त्यातून गोळ्या थांबवा हा सल्ला निघत नाही.

आग्यावेताळ
पेशीविभाजनाचा मुद्दा रक्तापुरता मानतो. ग्रंथी आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींबद्दल मानत नाही. पण एक प्रश्न: गोळ्या नियमित, तरी लोड सारखा ६०-८० येत असेल तर तुमच्या हिशोबाने काय करायचं?

निरभ्र
आधी औषधांच्या आपसातल्या आंतरक्रिया बघायच्या. डोल्युटेग्रॅव्हिर ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या आम्लनाशकाआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यायचं, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. मग प्रतिरोध चाचणी, पण इतक्या कमी लोडवर ती बऱ्याचदा चालतच नाही. रक्तातला क्रम वर्षभर हुबेहूब तोच राहिला आणि औषधविरोधी बदल नसला, तर तो एखाद्या मोठ्या क्लोनमधून (एकाच बाधित पेशीच्या विभाजनातून झालेल्या पेशींतून) येतोय. तिथे औषध बदलून लोड उतरत नाही. चालू गोळ्या तशाच ठेवायच्या.